आगकाड्यांपासून संगणकापर्यंत

शनिवारवाड्याकडून अप्पा बळवंत चौकाकडे येताना शनिवार पेठेच्या कडेला जे जुने चित्रपटगृह लागते, त्याला पुणेकर आजही ‘प्रभात’ असेच म्हणतात. किबे घराण्याच्या मालकीचे हे चित्रपटगृह १९३४ मध्ये सुरू झाले. २०१४ च्या अखेरीस भाडेकरार संपून ते ‘किबे लक्ष्मी’ झाले, तोपर्यंत तब्बल आठ दशके ते मराठी बोलपटाचे हक्काचे घर होते. त्याच तिशीच्या दशकात, नदीपलीकडे एरंडवण्यातील आपल्या स्टुडिओत प्रभात फिल्म कंपनीने एक वेगळाच प्रयोग करून पाहिला. ‘जंबूकाका’ या नावाच्या कोल्ह्यावरचा तो छोटा कार्टूनपट होता. ‘संत तुकाराम’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ही नावे मराठी माणसाला पाठ असतात. ‘जंबूकाका’ मात्र अभ्यासकांच्या टिपणांपुरताच उरला आहे.

ही विस्मृती एकट्या ‘जंबूकाका’च्या वाट्याला आलेली नाही. महाराष्ट्रात ॲनिमेशनचा इतिहास शंभर वर्षांहून जुना असला तरी तो अखंड नाही. प्रत्येक पिढीने जणू आपल्याआधी येथे कोणी काही केलेच नाही, अशा रीतीने नव्याने सुरुवात केलेली दिसते. तंत्र बदलत गेले, पण एका हातातून दुसऱ्या हातात ते क्वचितच गेले.

मराठीत ॲनिमेशनला सर्रास ‘कार्टून’ म्हटले जाते. वस्तुतः कार्टून हा त्या तंत्रातून निघणारा एक प्रकार झाला. ‘सचेतनपट’ हा शब्द त्या मानाने अर्थाच्या अधिक जवळ जातो, कारण अचेतन गोष्टीला चेतना देणे हेच या कलेचे काम. चित्रपटाच्या कॅमेऱ्यापुढे हालचाल आधीपासून असते, कॅमेरा ती फक्त टिपतो. ॲनिमेशनमध्ये कॅमेऱ्यापुढे हालचाल नसतेच. चित्र, बाहुली किंवा वस्तू स्थिर असते. तिची एक चौकट टिपायची, ती किंचित बदलायची, पुन्हा टिपायची. या चौकटी सेकंदाला चोवीस या वेगाने दाखवल्या की प्रेक्षकाला सलग हालचाल दिसते. हे ‘दृष्टिसातत्या’मुळे, म्हणजे डोळ्यावर प्रतिमा क्षणभर रेंगाळल्यामुळे घडते, असे शालेय पुस्तकांतून सांगितले जाते. हे स्पष्टीकरण आता अपुरे मानले जाते. दोन स्थिर अवस्थांमधील हालचाल मेंदू स्वतःच जुळवून घेतो, असे मानसशास्त्राचे म्हणणे आहे.

या तंत्राची किंमत आकड्यांत मांडली म्हणजे पुढचा इतिहास समजणे सोपे जाते. दहा मिनिटांच्या पटाला १४,४०० चौकटी लागतात. एकेक चित्र दोन चौकटींसाठी वापरण्याची सवलत घेतली तरी ७,२०० चित्रे हवीत. एका चित्रकाराने दिवसाला पंचवीस चित्रे काढली, असे धरले तर हे काम २८८ दिवसांचे होते. त्यात रंग, पार्श्वभूमी आणि ध्वनी धरलेला नाही.

चित्रांतून कथा पुढे नेण्याची हौस मात्र महाराष्ट्राला नवी नव्हती. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाचे कलावंत चित्रांच्या पोथ्या मांडीवर घेऊन, एकेक चित्र उलगडत रामायण-महाभारतातील आख्याने सांगत आले आहेत. कातडी बाहुल्यांचा छायाखेळही तेथलाच. या कला टिकवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीतील चित्र हलत नाही हे खरे, पण एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाताना ऐकणाऱ्याच्या मनात जी हालचाल घडते, तिचा उपयोग करण्याची दृष्टी तिच्यात आहे.

चित्र प्रत्यक्ष हलवून दाखवण्याचा उद्योग कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी केला. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशाने पडद्यावर टाकायची आणि पात्राच्या वेगवेगळ्या अवस्थांची चित्रे झपाट्याने बदलून ते हलत असल्याचा भास निर्माण करायचा, असा हा खेळ होता. सोबत निवेदन आणि गाणी असत. खेळाचे नाव होते ‘शांबरिक खरोलिका’. शंबरासुराच्या मायेची आठवण देणारे हे नाव आजच्या जाहिरात कंपन्यांनाही सुचणार नाही. वर्ष होते १८९२. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात एमिल रेनो याने हाताने रंगवलेल्या लांबलचक पट्ट्या पडद्यावर दाखवून प्रेक्षकांना थक्क केले आणि ॲनिमेशनच्या इतिहासात त्याचे नाव कायमचे नोंदले गेले. ल्युमिए बंधूंचा चित्रपट अजून तीन वर्षे दूर होता. पटवर्धनांच्या मुलांनी त्यांच्यासोबत हे खेळ गावोगाव केले, पण सिनेमा आला आणि खरोलिका मागे पडली.

यानंतर येतात दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’चे (१९१३) निर्माते म्हणून त्यांचा गौरव होतो, तो योग्यच आहे. परंतु त्यांनी केलेले आरंभीचे यशस्वी चित्रण माणसांचे नव्हते, ते एका रोपाचे होते. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने त्याची छायाचित्रे टिपली. पडद्यावर मिनिटभरात बी रुजले, कोंब फुटला, वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखला जाणारा हा तुकडा पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी त्यांना कर्ज दिले, असा इतिहास आहे. भारतीय चित्रपटाचे पहिले भांडवल अशा रीतीने चौकट-चौकट चित्रणाने मिळवून दिले.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारा कच्चा माल व पैसा दोन्ही आटले. मोठे पौराणिक पट हाती घेणे अवघड झाले, तेव्हा फाळके छोट्या पटांकडे वळले. १९१५ चा ‘आगकाड्यांची मौज’ हा त्यांपैकी एक. त्यात नट नव्हते, नेपथ्य नव्हते. काडेपेटीतल्या काड्या रांगेने येत, आकृत्या करीत, मोडीत आणि पुन्हा जुळत. एमिल कोल या फ्रेंच कलावंताने १९०८ मध्ये काड्यांचाच एक पट केला होता, त्यावरून फाळक्यांना ही कल्पना सुचली असावी, असे मानले जाते. नाण्यांच्या हालचालींतून आकृत्या घडवणारा ‘लक्ष्मीचा गालिचा’ हाही याच जातीचा.

या तंत्राला आज ‘स्टॉप मोशन’ म्हणतात. ऐकायला ते सोपे वाटते. कॅमेरा पक्का बसवायचा, हाताने फिरवायच्या दांड्याने एकच चौकट टिपायची, काड्या तसूभर सरकवायच्या, हात बाहेर काढायचा, पुन्हा दांडा. मूकपटाच्या सेकंदाला सोळा चौकटींच्या हिशेबाने एका मिनिटाला ९६० वेळा हे करावे लागे. मध्येच मेजाला धक्का लागला, ढगामुळे उजेड बदलला, एखादी काडी विसरली, तर चूक पडद्यावर उडी मारून दिसे. टिपलेले लगेच पाहण्याची सोय नव्हती, फिल्म धुतल्यावरच काय ते कळे. फाळके छायाचित्रण शिकले होते, मुद्रण शिकले होते, जादूचे प्रयोगही शिकले होते. हे तिन्ही येथे उपयोगी पडले. ‘आगकाड्यांची मौज’ आज अस्तित्वात नाही. तिच्याबद्दल जे काही म्हणता येते, ते नोंदींवरून.

याच सुमारास अमेरिकेत एका साध्या युक्तीने या कलेचा कारखाना केला. विन्सर मॅके याच्या ‘गर्टी’ या डायनासोरसाठी (१९१४) प्रत्येक कागदावर पात्राबरोबर डोंगर आणि झाडेही पुन्हा पुन्हा काढावी लागली होती. त्याच वर्षी अर्ल हर्ड याने पारदर्शक सेल्युलॉइडवर फक्त पात्र काढण्याच्या पद्धतीचे एकस्व मागितले. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि वर ‘सेल’ बदलत राहायचे. कामाची विभागणी शक्य झाली. मुख्य चित्रकार हालचालीच्या टोकाच्या अवस्था काढी, साहाय्यक मधली चित्रे भरी, तिसरा शाई फिरवी, चौथा रंग भरी. डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ (१९३७) हे या व्यवस्थेचे शिखर. सर्वांनी ही वाट धरली असे मात्र नाही. जर्मनीत लोटे रायनिगर हिने १९२६ मध्ये कात्रीने कापलेल्या काळ्या आकृत्यांतून ‘प्रिन्स अख्मेद’ उभा केला. पिंगुळीच्या छायाबाहुल्या पाहिलेल्या कोणाही मराठी माणसाला तो परका वाटू नये.

‘जंबूकाका’ निघाला तो या पार्श्वभूमीवर. प्रभातचे दामले आणि फत्तेलाल हे मुळात पडदे रंगवणारे चित्रकार. ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) भिंत चालवून दाखवणाऱ्या या कंपनीत कौशल्याची वाण नव्हती. वाण होती ती गणिताची. वर्षभर खपून केलेला दहा मिनिटांचा पट मुख्य चित्रपटाच्या आधी जोड म्हणून लागणार, त्याच्यासाठी वेगळे तिकीट कोण काढणार? परदेशी कार्टूनपट तयार मिळत होते. कलकत्त्यात न्यू थिएटर्सने १९३४ मध्ये ‘द पी ब्रदर्स’ काढला, तेथेही परंपरा उभी राहिली नाही. त्यात या सर्व पटांची फिल्म ज्वालाग्राही नायट्रेटची. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला लागलेल्या आगीत मूकपट आणि सुरुवातीच्या बोलपटांचा मोठा ठेवा नष्ट झाला, त्यात प्रभातचेही पट होते.

शिस्तशीर प्रशिक्षण सुरू होण्यासाठी १९५६ साल उजाडावे लागले. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग स्थापन झाला आणि डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेला हा माणूस येथे एका पिढीचा गुरू ठरला. जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ (१९५७) हे त्या वर्गाचे पहिले फळ. राम मोहन आणि जी. के. गोखले हे त्यातूनच नावारूपाला आले. गोखल्यांचा ‘होमो सॅप्स’ हा साठच्या दशकातील पट डिस्नेच्या गोलाईपासून पूर्ण दूर गेलेला, मोजक्या रेषांचा आहे. सरकारी खर्चात पूर्ण ॲनिमेशन परवडत नसे. त्यामुळे शरीर स्थिर ठेवून फक्त हात किंवा ओठ हलवायचे, तीच चित्रे पुन्हा वापरायची, असे ‘मर्यादित ॲनिमेशन’ येथे रुळले. त्याला केवळ काटकसर म्हणणे अन्यायाचे होईल. रेषेचा नेमकेपणा त्यातूनच आला.

याच काळातील सर्वांत जास्त पाहिला गेलेला पट म्हणजे ‘एक अनेक और एकता’ (१९७४). पक्षी जाळ्यासकट उडून जातात ही गोष्ट दूरदर्शनवर पाहत एक अख्खी पिढी मोठी झाली. तो घडवणाऱ्या विजया मुळे मूळच्या मुंबईच्या आणि मराठी. ॲनिमेशन भीमसेन यांचे. पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ही दोन नावे ठाऊक असतील, हा प्रश्नच आहे.

संगणकाने पहिल्यांदा हिसकावून घेतले ते शाई आणि रंग भरण्याचे काम. नंतर मधली चित्रे. ‘टॉय स्टोरी’पासून (१९९५) चित्र काढण्याऐवजी त्रिमित प्रतिकृती घडवून, तिच्या आत सांगाडा बसवून, तो कळसूत्री बाहुलीसारखा हलवण्याची पद्धत रूढ झाली. भारतातील स्टुडिओंना परदेशी मालिकांची कामे मिळू लागली, परंतु त्यात कथा आणि पात्रे बाहेरची, मजुरी आपली, असा मामला बराच काळ होता. ‘हनुमान’ (२००५) चालल्यावर देशी कथांचे पेव फुटले. त्यातले बरेचसे घाईचे होते.

वेगळी वाट काढणारे थोडे निघाले. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) एकटीने चितारला आणि कान महोत्सवातील समीक्षक विभागात तो गौरवला गेला. त्यांचा ‘बॉम्बे रोझ’ (२०१९) चौकटी हाताने रंगवून केला आहे. संगणक आहे, पण कुंचल्याच्या जागी. मुंबईच्या आयआयटीतील नीना सबनानी यांनी ‘हम चित्र बनाते हैं’मध्ये भिल्ल चित्रशैलीला तिच्याच चित्रकारासह हलते केले. त्याला २०१६ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रकथीचा धागा येथे प्रथमच कोणी जाणीवपूर्वक उचलल्यासारखा वाटतो.

२०२५ मध्ये राज्य सरकारने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग यांच्यासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्याच वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मधली चित्रे काही क्षणांत भरून देऊ लागली आहेत. हेच काम आजवर होतकरू मुलामुलींना स्टुडिओत शिरण्याचे दार होते, आणि तेथेच बसून ती वरिष्ठांच्या रेषा गिरवीत शिकत. ॲनिमेशनच्या वर्गांत पहिला धडा म्हणून अजूनही उसळणारा चेंडू दिला जातो. तो कागदावर पेन्सिलीने, खालून दिव्याचा प्रकाश घेऊन, एकेक चित्र उलटून पाहत काढायचा असतो.