जन्म पुण्यात, बारसे ग्लॉस्टरशायरात

हिवाळ्यात मंडळाच्या बॅडमिंटनसाठी हॉल घेतला, की खेळाइतक्याच गप्पाही रंगतात. त्या गप्पांत कुणीतरी पुणेकर हटकून सांगतोच, "अहो, हा खेळ मूळचा आमच्या पुण्याचा!" इथे वाढलेली मुले हसतात. त्यांना वाटते, काकांचे नेहमीचेच! पण या वेळी काकांच्या बोलण्यात तथ्य आहे. किती, ते जरा तपासून पाहू.

पिसांचे फूल फळीने उडवत राहण्याचा खेळ युरोपात शेकडो वर्षे होता. त्यात जाळी नव्हती आणि हारजीतही नव्हती. दोघांनी मिळून फूल जास्तीत जास्त वेळ खाली पडू द्यायचे नाही, एवढेच. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि पुणे ही इंग्रजांची मोठी छावणी झाली. तिथल्या अधिकाऱ्यांकडे संध्याकाळचा वेळ भरपूर होता. १८६० च्या दशकात ते मधे जाळी बांधून हा खेळ खेळू लागले. जाळी आली तशी बाजू आली, गुण आले आणि चुरस आली. या खेळाला ते गावाच्याच नावाने 'पूना' म्हणत. नियमही १८७३ च्या सुमारास पुण्यातच प्रथम बांधले गेले, असे अनेक पुस्तके सांगतात. वारा सुटला की पिसांचे फूल भरकटायचे, म्हणून अशा वेळी लोकरीचा चेंडू घेत.

रजेवर किंवा निवृत्त होऊन मायदेशी परतणारे अधिकारी हा खेळ बरोबर घेऊन गेले. ग्लॉस्टरशायरमध्ये ब्यूफोर्टच्या ड्यूकचा वाडा आहे, बॅडमिंटन हाऊस. एम-फोर महामार्गाने ब्रिस्टलकडे जाताना थोडे आत वळले की लागतो. १८७३ च्या सुमारास तिथे हा खेळ रंगला आणि पाहुण्यांच्या तोंडी 'तो बॅडमिंटनचा खेळ' असेच नाव बसले. गंमत म्हणजे आज त्या भागात 'बॅडमिंटन' म्हटले की लोकांना आधी घोडे आठवतात. तिथल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा १९४९ पासून प्रसिद्ध आहेत.

इथवरची गोष्ट पुणेकराला खूश करणारी आहे. पण इतिहास इतका सरळ नाही. लंडनचा खेळणी विकणारा आयझॅक स्प्रॅट याने १८६० मध्येच एक पुस्तिका काढली होती, आणि तिच्या नावात 'बॅडमिंटन' हा शब्द होता. तिची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १८६३ च्या 'कॉर्नहिल मॅगझिन'मध्येही जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर दोरी बांधून, दोन बाजू करून फूल मारण्याच्या खेळाचे वर्णन याच नावाने आले आहे. (आजही जाळीची मधली उंची पाच फूटच आहे!) म्हणजे ड्यूकच्या वाड्यावर १८७३ मध्ये पुण्याच्या खेळाला अचानक नाव मिळाले, ही कथा जरा जास्तच सुबक आहे. दोन्हीकडे काहीतरी एकाच वेळी शिजत होते, असे मला वाटते. मात्र पोरखेळाचा चुरशीचा खेळ होण्यात हिंदुस्थानातल्या छावण्यांचा वाटा मोठा, याबद्दल फारसे दुमत नाही. १८७७ चे लिखित नियमही कराचीचे, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती.

पुढचे सोपस्कार इंग्लंडात झाले. १८९३ मध्ये संघटना निघाली, १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. १९०१ पर्यंत मैदान जाळीपाशी अरुंद, डमरूसारखे असे. ज्या दिवाणखान्यात खेळत त्याची दारे आत उघडत, म्हणून तसे ठेवावे लागे, अशी एक आख्यायिका आहे.

आता खरा प्रश्न. पुण्यात जन्मलेला हा खेळ पुणेकरांचा होता का? सुरुवातीला मुळीच नाही. तो साहेबांचा होता. आपला झाला तो नंतर, आणि अभिमान बाळगायचाच तर त्या नंतरच्या हकीकतीचा बाळगावा. क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तीन मुलींनी १९४० च्या दशकात देशभरातील बॅडमिंटनची मैदाने गाजवली. ज्या काळात मुलीने रॅकेट हाती घेणे हाच चर्चेचा विषय, त्या काळात एका घरातून तिघी! मग आले सांगलीचे नंदू नाटेकर. मुळात टेनिस खेळणारा हा मुलगा बॅडमिंटनकडे वळला आणि १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू ठरला. १९६१ च्या पहिल्यावहिल्या अर्जुन पुरस्काराचे मानकरीही तेच. २८ जुलै २०२१ रोजी ते गेले, तेही पुण्यातच. त्यानंतर वर्षभराच्या आतच, मे २०२२ मध्ये भारताने बँकॉकला इंडोनेशियाला ३-० हरवून प्रथमच थॉमस चषक जिंकला. नाटेकर हे पाहायला हवे होते.

रॅकेटच्या इतर खेळांची कुळेही अशीच अनपेक्षित ठिकाणी निघतात. 'रॅकेट्स' हा खेळ लंडनच्या तुरुंगात कर्जबाजारी कैदी भिंतीवर चेंडू मारत त्यातून वाढला. तो हॅरो शाळेत गेला आणि तिथे मऊ चेंडूमुळे त्यातून स्क्वॉश निघाला. 'पूना'च्या लोकरी चेंडूचा भाऊबंद म्हणजे दक्षिणेतला बॉल बॅडमिंटन. तंजावरच्या राजघराण्यात तो १८५६ च्या सुमारास खेळत असे सांगतात. हे घराणे म्हणजे आपले भोसलेच!

आणि सध्या ज्याची धूम आहे ते पिकलबॉल? १९६५ मध्ये सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर एका कुटुंबाला घरच्या बॅडमिंटन कोर्टावर खेळायचे होते, पण साहित्यच सापडेना. मग पिंगपाँगच्या फळ्या आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेतला, आणि पुढे जाळी खाली आणली. अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांना सांगायला हरकत नाही की त्यांच्या पिकलबॉलचे मैदान आजही ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या मैदानाएवढेच.