‘मराठी-स्पीकिंग’, भाषिक आणि भाषक

सीमाप्रश्नाच्या इंग्रजी कागदपत्रांत ‘मराठी-स्पीकिंग’ हे जोडविशेषण वारंवार येते. उच्चारात त्याच्या उत्तरार्धाची अक्षरे ‘स्पी-किंग’ अशी पडतात. व्याकरणाचे घटक मात्र ‘स्पीक’ आणि ‘इंग’. हा शब्द ओळीअखेर तोडताना इंग्रजी छापखाने घटकांचेच ऐकतात.

आपण प्रतिशब्द केला ‘मराठीभाषिक’. उच्चारात म-रा-ठी-भा-षिक, घटक मराठी, भाषा आणि ‘इक’ प्रत्यय. प्रत्यय लागताना ‘भाषा’तला शेवटचा ‘आ’ लोपतो आणि सांधा ‘षि’ या एकाच अक्षराच्या पोटात जातो. देवनागरीत तेथे जोडरेघ मारायची सोयच नाही!

अर्थही थोडा सरकला. ‘स्पीकिंग’मध्ये बोलणारा आहे, ‘भाषिक’मध्ये भाषेशी संबंध तेवढा. बोलणाऱ्यासाठी ‘भाष्’ धातूला ‘अक’ लागून झालेला ‘भाषक’ हा शब्द आपल्याकडे आहे, आणि माणसांविषयी बोलताना तोच वापरावा असे माझे मत आहे.

1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी मुंबई राज्य ‘द्वैभाषिक’ झाले. तेथे ‘भाषिक’च हवे, राज्य काही बोलत नाही. 1967 च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला सुचवली, बेळगाव शहर नाही. महाराष्ट्राचा आग्रह खेडे हा घटक धरून भाषिक बहुसंख्या पाहण्याचा होता. ती ठरते शिरगणतीवरून, आणि शिरगणतीचा रकाना मातृभाषेचा. दिवसभर बाजारात कानडी बोलणारा टिळकवाडीकरही तेथे मराठीतच मोजला जातो.