सामाईक पात्र : ‘पंच’ या पेयाची कुळकथा

युरोपीय पद्धतीच्या मेजवानीत आज प्रत्येक पाहुण्याच्या हाती स्वतंत्र पेला असतो आणि मासळीबरोबर कोणती वाइन द्यावी, भाजलेल्या मांसाबरोबर कोणती, शेवटच्या गोडाबरोबर कोणती, याचे संकेत ठरलेले असतात. मात्र ही व्यवस्था रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. त्यापूर्वीची दीडदोनशे वर्षे इंग्लंडात आणि इंग्रजांच्या वसाहतींत सणासमारंभाचे पेय म्हणजे मेजाच्या मधोमध ठेवलेल्या एका मोठ्या वाडग्यातून सर्वांना वाढले जाणारे ‘पंच’ होते. मद्यार्क, लिंबाचा रस, साखर, पाणी आणि जायफळासारखा एखादा मसाला, एवढीच त्याची सामग्री. या पेयाचे सर्वांत जुने ज्ञात लेखी उल्लेख हिंदुस्थानातील इंग्रजांच्या वखारींशी निगडित आहेत आणि त्याच्या घडणीत पश्चिम किनाऱ्याचा, विशेषतः सुरत आणि गोवा या दोन ठिकाणांचा, वाटा इतका मोठा आहे की त्याची कुळकथा लंडनहून सुरू करता येत नाही.

वखारीत राहणाऱ्या इंग्रजांपुढे पेयाचा प्रश्न खरोखरच बिकट होता. विलायतेहून निघालेले गलबत आफ्रिकेला वळसा घालून येईपर्यंत कित्येक महिने जात, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडावे लागे आणि त्या उष्म्यात पिंपातली बिअर व हलकी वाइन आंबून जाई. टिकत त्या माडेरा बेटावरच्या किंवा स्पेनच्या कडक वाइन. इराणमधील शिराझची वाइनही सुरतेला येत असे, परंतु या साऱ्यांची किंमत मोठी आणि पुरवठा बेभरवशाचा होता. याउलट ताडामाडाचा किंवा गुळाचा अर्क, लिंबे आणि साखर या वस्तू दाराशी, स्वस्त आणि बारमाही मिळत. पंच हे मुळात वाइनच्या अभावावर शोधलेले उत्तर होते, आणि वाइनची जागा घेताना त्याने वाइनच्या चवीतला आंबटपणा आणि गोडवा लिंबू-साखरेतून पुन्हा उभा केला, हे त्याच्या रचनेकडे पाहिले की ध्यानात येते.

या पेयाचा पहिला ज्ञात उल्लेख १६३२ सालच्या सप्टेंबरातील एका पत्रात आहे. रॉबर्ट अॅडम्स नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकराने कोरोमांडल किनाऱ्यावरील पेटापोली, म्हणजे आजचे निझामपट्टणम, येथील आपल्या सहकाऱ्याला ते लिहिले आणि त्यात पंच पिण्याचा विषय समजावून न सांगता सहज आला आहे. लिहिणारा आणि वाचणारा दोघांनाही पेय परिचित होते, याचा अर्थ ते त्या सालापेक्षा काहीसे जुने असणार. सहा वर्षांनी, १६३८ मध्ये, योहान आल्ब्रेख्त दे मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेच्या इंग्रज वखारीत विल्यम मेथवल्ड या अध्यक्षाचा पाहुणा होता. शुक्रवारी प्रार्थना आटोपली की अध्यक्ष आणि त्याचे काही नातलग व्यापारी एकत्र जमत. इंग्लंड सोडले तो वार शुक्रवार होता म्हणून त्या दिवशी मायदेशी राहिलेल्या बायकांच्या नावे प्यायचे, असा त्यांचा परिपाठ होता. ज्याला हवी त्याने स्पॅनिश वाइन घ्यावी, ज्याला हवे त्याने ‘पालेपुंट्झ’ घ्यावे, अशी मोकळीक असे, आणि हे दुसरे पेय मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे असल्याचे मांडेल्स्लो नोंदवतो. यातील गुलाबपाणी बोलके आहे. आंबटगोड, सुवासिक पाणी पाहुण्यापुढे ठेवण्याची चाल या देशात सरबत आणि पन्हे या रूपांनी आधीपासून होती. वखारवाल्यांनी त्या सरबतात अर्क मिसळला, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीला सर्वाधिक जवळचे ठरेल.

पुढे फ्रान्स्वा बेर्निए या फ्रेंच वैद्याने बंगालच्या वर्णनात ‘बुलेपोंज’ नावाचे अर्क, लिंबाचा रस, पाणी आणि जायफळ यांचे पेय नमूद केले आणि ते प्रकृतीला अपायकारक असल्याचा शेराही मारला. ‘पालेपुंट्झ’ आणि ‘बुलेपोंज’ या दोन्ही रूपांत इंग्रजीतील वाडग्याचा शब्द आणि पेयाचे नाव एकमेकांत मिसळून गेले आहे. वाडगाभर पंच मागवण्याची इंग्रजांची बोली परक्या कानांना एकच शब्द वाटली. पात्र आणि पेय यांची ही एकरूपता अपघाती म्हणता येणार नाही, कारण पंच कधी एकट्यापुरते बनतच नसे.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. जॉन फ्रायर हा कंपनीचा वैद्य १६७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर वावरला आणि १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने हे नाव हिंदुस्थानी ‘पाँच’ या संख्येवरून, पाच घटकांमुळे, पडल्याचे लिहिले. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने ते मत उचलून धरले. नंतरच्या काही भाषाभ्यासकांनी मात्र शंका घेतली, कारण मांडेल्स्लो व बेर्निए या दोघांच्याही यादीत चारच घटक आहेत, तत्कालीन इंग्रजी उच्चार ‘पुंच’च्या जवळ जाणारा होता, आणि मोठ्या पिंपाला इंग्रजीत असलेल्या ‘पंचन’ या नावातूनही हा शब्द निघू शकतो. पंचामृताची सवय असलेल्या मराठी वाचकाला फ्रायरचे म्हणणे चटकन पटते, परंतु पटणे हा पुरावा नव्हे, आणि पेयाचे भारतीय कूळ सिद्ध करायला या व्युत्पत्तीची गरजही नाही.

त्याच फ्रायरचे दुसरे विधान अधिक मोलाचे आहे. गोव्याजवळच्या नेरूल येथे उत्तम अर्क तयार होतो आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासूनच पंच बनवतात, असे तो सांगतो. नेरूल हे बार्देसमधील गाव. तिथला त्या काळचा अर्क माडाच्या सुरेचा होता. काजूची फेणी आज गोव्याची ओळख असली तरी या कथेतील अर्क माडाचा आहे. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचे न उमललेले कणीस, दोरीने आवळून बांधतात, हलक्या हाताने ठोकून मऊ करतात आणि तिचे टोक धारदार कोयतीने छाटून तिच्याखाली मडके अडकवतात. गोव्यात हे काम करणाऱ्याला रेंदेर म्हणतात, कोकणात ते भंडारी समाजाकडे परंपरेने राहिले. रेंदेर सकाळ-संध्याकाळ माडावर चढून मडके रिकामे करतो, आणि पोय सुकून झरा बंद पडू नये म्हणून तिचा पातळ काप वरचेवर काढत राहतो. मडक्यात पडलेला रस हवेतल्या किण्वामुळे, म्हणजे आंबवणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, काही तासांतच फसफसू लागतो. ती सूर भाटीवर उकळून तिची वाफ थंड केली की पहिल्या धारेचा सौम्य अर्क आणि तो पुन्हा उकळला की कडक फेणी मिळते. यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ च्या त्याच्या ग्रंथात सूर आणि ‘उराका’ हे शब्द आहेत, म्हणजे आजचा ‘उर्राक’ हा शब्द तेव्हाही प्रचारात होता. हीच सूर राहू दिली तर तिचा शिर्का होतो, जो गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या सोरपोतेलला आंबटपणा देतो, आणि ताजी असताना ती सान्नांचे पीठ फुगवते. एकाच झाडाच्या एकाच रसाने सणाच्या पानातली भाकरी, कालवण आणि पेय अशी तिन्ही अंगे सांभाळावीत, असे उदाहरण अन्यत्र सहज आढळणार नाही.

या अर्काबरोबर खाल्ले काय जाई, याचे सविस्तर चित्र जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याने रेखाटले आहे. तो १६९० च्या दशकाच्या आरंभी सुरतेला होता. वखारीत इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदुस्थानी असे तीन प्रकारचे आचारी ठेवलेले असत, जेणेकरून कोणाच्याही जिभेची गैरसोय होऊ नये; रविवारी आणि मोठ्या सणांना हरीण, मोर, ससे, तित्तिर अशी शिकार आणि पिस्ते, जर्दाळू, आलुबुखार अशी इराणी फळे मेजावर येत. गोव्याचा आणि बंगालचा असे दोन अर्क युरोपीय लोक पंचासाठी वापरतात आणि बंगालचा अर्क अधिक कडक असतो, हेही तो सांगतो. तुपातला पुलाव, मसाल्यात शिजवलेले मांस आणि सुकामेवा अशा जड जेवणाबरोबर लिंबाचे आंबट पेय जिभेला हलके करते, हे तत्त्व कोकणातल्या सोलकढीतही दिसते.

इंग्लंडात हे पेय पोहोचले ते खलाशी आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांबरोबर. जॉन एव्हलिन या रोजनिशीकाराने १६६२ च्या जानेवारीत ड्यूक ऑफ यॉर्कसमवेत एका ईस्ट इंडिया जहाजाला भेट दिली, तेव्हा तिथे पाहुण्यांना अपूर्वाईचे पेय म्हणून पंच दिले गेले. इंग्लंडात मात्र हिशेब उलटा झाला. सुरतेत जे स्वस्त होते ते लंडनमध्ये महाग होते: अर्क सहा महिन्यांच्या सफरीनंतर येणार, लिंबे दक्षिण युरोपातून, साखर वेस्ट इंडिजमधून, आणि जायफळ बांदा बेटांवरून, डचांच्या मक्तेदारीतून. वखारीतली काटकसर अशा रीतीने लंडनमध्ये वैभव ठरली, आणि वैभवाला शोभेल असे साहित्य तिच्याभोवती जमले. चांदीचे आणि चिनी मातीचे वाडगे घडवले गेले. त्यांतील काहींची कड तोडेदार असे, जिच्या खाचांत पेल्यांचे बूड अडकवून ते थंड पाण्यात लोंबते ठेवता येत. वाढायला लांब दांड्याचे ओगराळे असे, कित्येकदा त्याचा दांडा देवमाशाच्या पिळदार कचकड्याचा आणि तळाशी चांदीचे नाणे बसवलेले. जायफळ तर इतके प्रतिष्ठेचे की शौकीन गृहस्थ खिशात मावेल एवढी चांदीची किसणी बाळगत आणि आपल्या हाताने वाडग्यावर जायफळ किसत.

पंच बनवणे हे यजमानाचे काम होते, नोकराचे नव्हे. पाहुण्यांच्या समोर बसून, चव घेत घेत ते सिद्ध करायचे असे. त्यातली खरी कारागिरी लिंबाच्या सालीत होती. साखर त्या काळी टणक ढेपेच्या रूपात मिळत असे. तिचा तुकडा लिंबाच्या पिवळ्या सालीवर घासला की सालीतल्या सूक्ष्म पुटकुळ्या फुटून त्यांतले सुगंधी तेल साखरेत जिरते, आणि रसाने नुसता आंबटपणा येतो तिथे या तेलाने वास आणि भरीवपणा येतो. सालीखालचा पांढरा भाग मात्र कडू असल्याने तो खरवडला जाऊ नये, याची काळजी घ्यावी लागे. जेरी टॉमस या अमेरिकी मद्यपरिचारकाने १८६२ मध्ये न्यूयॉर्कला मिश्र पेयांचा ग्रंथ काढला, तेव्हाही ही कृती पंचाचे मर्म म्हणून त्याने सांगितली. प्रमाणाचा रूढ संकेत एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक आणि चार पातळ असा होता.

त्याच्या बऱ्याच आधी पंचाचा एक टिकाऊ प्रकारही निघाला होता. बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ मध्ये आपल्या मित्राला पाठवलेल्या कृतीत चव्वेचाळीस लिंबांची पातळ साल चोवीस तास ब्रँडीत भिजवून, गाळून, त्यात पाणी, लिंबाचा रस, जायफळ आणि साखर घालून शेवटी उकळते दूध ओतायला सांगितले आहे. दूध अर्थातच फाटते. पण फाटलेल्या चोथ्याबरोबर मिश्रणातला तुरटपणा आणि गढूळपणा बांधला जातो, आणि कापडातून गाळलेले नितळ पेय बाटलीत दीर्घकाळ राहते. गृहिणी ज्या गोष्टीला नासणे म्हणते तिचाच असा उपयोग करून घेणाऱ्याच्या कल्पकतेचे कौतुक करावेसे वाटते.

हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर मात्र पंचाची प्रतिष्ठा घसरत गेली. ‘पंच-हाउस’ म्हणजे खलाशांचा गुत्ता, असा अर्थ मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे रूढ झाला आणि स्थानिक बोलीत त्याचे ‘पंचघर’ असे मिश्र रूपही झाल्याची नोंद ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये आहे. लंडनमध्ये जेम्स अॅशलीने १७३१ मध्ये लडगेट हिल येथे जे पंचघर काढले तिथे पंच अगदी लहान मापातही विकत मिळे. सामाईक वाडग्याला पहिला तडा इथे गेला.

दुसरा आणि निर्णायक आघात जेवणाच्या पद्धतीतील बदलाने केला. पूर्वी सर्व पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात, त्यामुळे एकच पेय साऱ्यांना पुरे. एकोणिसाव्या शतकात पदार्थ एकामागून एक वाढण्याची रशियन पद्धत युरोपभर पसरली आणि प्रत्येक पदार्थाबरोबर त्याची वाइन असा क्रम लावणे शक्य झाले. वाइनची पानाशी जोडी जुळवण्याचे आजचे शास्त्र या क्रमातून वाढले. पंचाला त्यात दोनच जागा उरल्या: कासवाच्या दाट सूपबरोबर बर्फगार पंच, आणि दोन मांसाहारी पदार्थांच्या मध्ये जीभ स्वच्छ करण्यासाठी गोठवलेले ‘रोमन पंच’. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकच्या पहिल्या वर्गातील जेवणात सहावा पदार्थ म्हणून हेच वाढले गेले होते. घरगुती मेजवानीत चार्ल्स डिकन्ससारख्या रसिकांनी वाडगा जपला. १८४७ मधील एका पत्रात त्याने लिंबाची साल आणि साखरेवर रम व ब्रँडी ओतून ती पेटवण्याची कृती बारकाईने लिहून दिली आहे, परंतु तोवर ती जुन्या वळणाची आवड झाली होती.

अर्काचे पंच अखंड टिकले ते स्वीडनमध्ये. १७३१ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, तांदूळ आणि उसाच्या मळीपासून केलेला अर्क आणू लागली. गोव्याच्या सुरेपेक्षा हा अर्क जात्याच वेगळा, पण पेयाचा साचा तोच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ‘पुन्श’ तयार बाटलीत विकले जाऊ लागले आणि वाडगा तिथेही मागे पडला. तरीही पिवळ्या वाटाण्याचे डुकराच्या मांसासह केलेले सूप गुरुवारी करायचे आणि त्याबरोबर गरम पुन्श घ्यायचे, ही रीत तिथे आजही पाळली जाते, आणि बाटलीवर अरक हा शब्द छापलेला असतो.