फोनच्या बॅटरीतलं रबर: दोन मोनोमरचं प्रमाण नेमकं कसं साधतात?

फोनच्या बॅटरीत रबर असतं, हे सांगितलं तर पटेल? ग्रॅफाइटची पूड तांब्याच्या फॉइलवर चिकटून राहावी म्हणून बऱ्याच लिथियम-आयन बॅटऱ्यांत स्टायरीन-ब्युटाडाईन रबर, म्हणजेच एसबीआर, वापरतात. चार्जिंग होताना लिथियम आत शिरतं आणि ग्रॅफाइटच्या थरांमधलं अंतर सुमारे १० टक्क्यांनी वाढतं. फोन वापरला की ते पुन्हा कमी होतं. ही रोजची ताणाताणी या रबराला सोसावी लागते.

प्रमाण का महत्त्वाचं?

एसबीआर हा कोपॉलिमर आहे, म्हणजे एकाच साखळीत दोन प्रकारचे छोटे रेणू (मोनोमर) गुंफलेले. ब्युटाडाईन लवचिकपणा देतं, स्टायरीन कडकपणा. स्टायरीन जास्त झालं तर थर तडकू शकतो, कमी पडलं तर रबर फार मऊ होतं.

घोळ कुठे होतो?

मी सॉफ्टवेअरवाला. मला वाटलं, इनपुट ५०:५० तर आउटपुटही ५०:५०. पण ताटलीत चणे-शेंगदाणे सारखेच ठेवले, तरी आधी शेंगदाणे संपतात ना? इथे ब्युटाडाईन म्हणजे शेंगदाणे. मेयो आणि लुईस यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या समीकरणात ५० अंशांचे आकडे घालून पाहिले, तर सुरुवातीच्या साखळ्यांत दर १०० रेणूंमागे सुमारे ६० ब्युटाडाईनचे निघाले. शेवटी स्टायरीन जास्त उरतं आणि तेव्हाच्या साखळ्या कडक होतात. सरासरी बरोबर, माल मात्र एकसारखा नाही.

मग उपाय काय?

इमल्शन पद्धतीत पाण्यात साबणासारखा पदार्थ घालतात. त्याच्या रेणूंच्या सूक्ष्म गोळ्यांत साखळ्या वाढतात आणि दुधासारखं लॅटेक्स तयार होतं. तयार होणारी उष्णता पाणी शोषून घेतं. आता खरी युक्ती: दोन्ही मोनोमर एकदम न ओतता ठरलेल्या प्रमाणात हळूहळू सोडायचे, इतके हळू की आले की लगेच वापरले जातील. हातावर एक चणा, एक शेंगदाणा. ते संपल्याशिवाय पुढचं नाही! निवडीला वावच नाही, म्हणून जे प्रमाण सोडलं तेच साखळीत उतरतं.

अट एकच, घाई नको. वेग वाढवला तर न वापरलेले मोनोमर साचतात, प्रमाण बिघडतं आणि साठा एकदम पेटून उठल्यासारखी उष्णता वाढू शकते. आमच्या भाषेत सांगायचं तर हे रेट लिमिटिंगच. फक्त इथे सर्व्हरच्या जागी रिअॅक्टर आहे.