एकाकी वीर आणि त्याचा गोतावळा

अमेरिकेच्या सरहद्दीचा इतिहास निघाला की डॅनियल बूनचे नाव हमखास पुढे येते. खांद्यावर बंदूक, भोवती निबिड अरण्य आणि माणूस एकटा! ही प्रतिमा रुजवली ती मुख्यतः जॉन फिल्सनच्या १७८४ सालच्या केंटकीविषयक पुस्तकाने. फिल्सनने स्वतः केंटकीत जमिनी घेतल्या होत्या आणि तेथे माणसे यावीत यात त्याचे हित होते, हे ध्यानात ठेवलेले बरे. कागदपत्रे पाहू जाता आम्हांस एक वीर दिसत नाही. दिसतो तो एक गोतावळा.

बून घराणे क्वेकर पंथाचे. मुलांनी पंथाबाहेर लग्ने केली, वडिलांचे पंथबांधवांशी बिनसले आणि १७५० मध्ये सारे कुटुंब पेन्सिल्व्हेनिया सोडून नॉर्थ कॅरोलायनातील याडकिन खोऱ्याकडे निघाले. तेथे ब्रायन घराण्याशी सोयरीक जुळली. डॅनियलची बहीण मेरी ब्रायनांच्या घरी दिली. १७५६ मध्ये रिबेका ब्रायन डॅनियलची पत्नी झाली. तिची बहीण डॅनियलच्या भावाला, एडवर्डला दिली. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात. पुढे केंटकीत बूनांचा तळ आणि ब्रायनांचा तळ उभे राहिले ते याच नात्यांच्या बळावर.

१७६९ मध्ये डॅनियल कंबरलँड खिंडीतून केंटकीत शिरला तो १७७१ मध्ये परतला. दरम्यान धाकटा भाऊ स्क्वायर कातडी घेऊन वस्तीकडे जाई आणि दारूगोळा घेऊन येई. शेत आणि मुले रिबेकाकडे होती. भावाने पुरवठा केला नसता, पत्नीने घर चालवले नसते, तर अरण्यातील ते प्रसिद्ध एकाकीपण किती दिवस टिकले असते?

किंमतही घराण्याने मोजली. १७७३ मध्ये कुटुंबकबिल्यासह केंटकीकडे निघाले असता सोळा वर्षांचा थोरला मुलगा जेम्स हालहाल करून मारला गेला. हे आपणांस कळते ते मुख्यतः अॅडम नावाच्या गुलामामुळे. तो लपून सारे पाहत होता. (बूनांच्या कथेत असे गुलाम सर्वत्र आहेत, फक्त मुखपृष्ठावर नाहीत.) १७७५ मध्ये खिंडीतून वाट पाडणाऱ्या सुमारे तीस जणांबरोबर नवपरिणीत मुलगी सुझॅना होती. १७७६ मध्ये दुसरी मुलगी जेमायमा पळवली गेली आणि दोन दिवसांनी सुटली. १७७८ मध्ये शॉनींनी डॅनियलला पकडून नेले, तेव्हा तो मेला असे समजून रिबेका मुलांसह याडकिनला माहेरच्या माणसांत परतली. गढीत राहिली ती जेमायमाच. १७८० मध्ये एडवर्ड मारला गेला, १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत मुलगा इस्रायल.

या साऱ्याला आपण 'प्रदेश वसवणे' म्हणतो. मराठीत वसवायचे ते ओसाड रान. केंटकी ओसाड नव्हती; ती शॉनी आणि चेरोकी यांची शिकारभूमी होती. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वायांनी तिच्यावरील हक्क सोडले, पण शॉनींना कोणी विचारले नाही. १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसनच्या कंपनीने चेरोकी वडीलधाऱ्यांकडून ती विकत घेतली. ड्रॅगिंग कनू या तरुण नेत्याने त्या व्यवहाराला उघड विरोध केला होता. जेम्सचा आणि इस्रायलचा मृत्यू या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. त्याने बापाचे दुःख कमी होत नाही, पण मारेकऱ्यांना 'रानटी' म्हणून मोकळे होता येत नाही.

कंपनीची खरेदी पुढे व्हर्जिनियाने रद्द केली. एकाच तुकड्यावर चार-चार दावे लागू लागले. डॅनियल स्वतः मोजणीदार, तरी दप्तराच्या बाबतीत ढिला. त्याच्या जमिनी दाव्यांत आणि कर्जांत गेल्या. १७९९ मध्ये गोतावळा पुन्हा निघाला, या वेळी स्पेनच्या ताब्यातील मिसुरीकडे. तेथे मिळालेली जमीन १८०३ मध्ये तो मुलूख अमेरिकेकडे आल्यावर हातची गेली. काँग्रेसने १८१४ मध्ये ती परत दिली, तेव्हा रिबेकाला जाऊन वर्ष झाले होते. त्यातील बरीचशी केंटकीतील जुने देणे फेडण्यासाठी डॅनियलने विकून टाकली.