कडेच्या काडतुसाची कथा

१ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. त्या वर्षीच्या उठावाचे निमित्त चरबी लावलेले, दातांनी तोडावयाचे कागदी काडतूस होय. कारणे अर्थातच त्याहून खोल होती. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ व वेसन यांनी .२२ इंची धातूचे काडतूस विक्रीस आणले. त्याचा पेटता मसाला बुडाच्या कडेत असे. चाप ओढला की आतला खिळा त्या कडेवर आदळे आणि बार उडे. दात लावण्याचे कारणच उरले नाही.

१८६० मध्ये बेंजामिन टायलर हेन्रीने अशाच, पण मोठ्या काडतुसाची रायफल सिद्ध केली. चापाभोवतीची कडी खाली-वर केली, की रिकामे कवच बाहेर पडे व नवे काडतूस नळीत येई. हातास जडणारी मौज ती हीच!

हिंदी माणसास मात्र ती सुखासुखी लाभणारी नव्हती. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने त्याच्यावर परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांस मोकळीक दिली. हा अपमान पुष्कळांच्या जिव्हारी लागला. १९५९ साली स्वतंत्र भारताचा कायदा आला. परवाना मात्र राहिला, आणि तो योग्यच.

आज विजय नगराहून तासाभराच्या वाटेवर, महूस, लष्कराचे नेमबाजी पथक आहे. तेथे सराव केलेल्या विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनला याच जातीच्या काडतुसाच्या पिस्तुलाने रौप्यपदक मिळविले. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकले. त्या रायफलीस हेन्रीची कडी नाही; प्रत्येक गोळी हातानेच भरावी लागते.