बंदुकांचे सिंहासन: मोझांबिकच्या शस्त्रशिल्पांची कथा

१/ ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे मोझांबिकच्या शांतता करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. सुमारे १५ वर्षांचे यादवी युद्ध संपले, पण बंदुका संपल्या नव्हत्या. कुठे त्या जमिनीत पुरलेल्या होत्या, कुठे घरात दडवलेल्या. त्या बंदुकांचे पुढे काय झाले, आणि त्यांतून एक सिंहासन कसे घडले, याविषयीचा हा धागा.

२/ प्रथम पार्श्वभूमी. आग्नेय आफ्रिकेतील मोझांबिक ही पोर्तुगालची वसाहत. १७५२ पर्यंत तिचा कारभार गोव्यातून चाले. गोव्याचा व्हाइसरॉय हाच तिथलाही वरिष्ठ अधिकारी. १९६४ पासून फ्रेलिमो या संघटनेने सशस्त्र लढा दिला आणि २५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला.

३/ स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत यादवी पेटली. सत्ताधारी फ्रेलिमोच्या मागे सोव्हिएत गट उभा होता. विरोधातील रेनामोला आधी ऱ्होडेशियाने आणि नंतर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने पोसले. युद्ध, दुष्काळ आणि उपासमार यांत सुमारे १० लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. लाखो लोक परागंदा झाले.

४/ करारानंतर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. सैनिकांचे निःशस्त्रीकरण झाले आणि १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणुका पार पडल्या. तरीही असंख्य शस्त्रे लोकांपाशीच राहिली. ज्याने १५ वर्षे बंदुकीच्या भरवशावर जीव वाचवला, तो एका कागदावर विश्वास ठेवून ती का देईल?

५/ या प्रश्नाला १९९५ मध्ये एक उत्तर मिळाले. अँग्लिकन बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने मोझांबिकच्या ख्रिस्ती मंडळाने एक योजना सुरू केली. ‘शस्त्रांच्या कुदळी करू’ हा तिच्या नावाचा आशय. तलवारी मोडून नांगराचे फाळ घडवावेत, या बायबलमधील जुन्या कल्पनेचा त्यामागे आधार होता.

६/ योजनेचा व्यवहार सरळ होता. शस्त्र आणा आणि त्याबदली शेतीची अवजारे, सायकल, शिवणयंत्र किंवा घरबांधणीचे साहित्य घेऊन जा. शस्त्र आणून देणाऱ्याला शिक्षेचे भय नव्हते. बंदुकीच्या जागी पोट भरण्याचे दुसरे साधन हाती येत होते. योजनेचे खरे मर्म इथेच आहे.

७/ गोळा झालेली बहुतेक शस्त्रे नष्ट केली गेली. काही मात्र कापून, निकामी करून मापुतो शहरातील ‘नुक्लेओ द आर्ते’ या कलावंतांच्या संस्थेकडे दिली गेली. तिथे वेल्डिंगच्या ठिणग्यांत नळ्या, दस्ते आणि काडतुसांच्या पेट्या यांना नवे आकार मिळू लागले.

८/ याच कलावंतांपैकी एक क्रिस्तोव्हाओ कानाव्हातो, टोपणनाव केस्टर. युद्धात त्यांच्या दोन नातलगांनी पाय गमावले होते. २००१ मध्ये त्यांनी निकामी बंदुका जोडून एक खुर्ची घडवली. ‘शस्त्रांचे सिंहासन’ या नावाने ती ओळखली जाते. पुढच्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमने ती विकत घेतली.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाला हे सिंहासन दस्तऐवजासारखे वाचता येते. त्याच्या पाठीत पोर्तुगीज सैन्याच्या जी-३ रायफली आहेत, म्हणजे वसाहतकाळ. इतर भागांत सोव्हिएत गटातील देशांच्या आणि उत्तर कोरियाच्या बंदुका आहेत, म्हणजे शीतयुद्ध. यांतली एकही बंदूक आफ्रिकेत बनलेली नाही. मरणारे मोझांबिकचे होते, मारण्याची साधने परकी होती.

१०/ पाठीवरच्या दस्त्यांकडे नीट पाहिले तर हसरे चेहरे दिसतात. ते केस्टर यांनी कोरलेले नाहीत. स्क्रूची भोके म्हणजे डोळे आणि पट्ट्याची खाच म्हणजे तोंड. हा योगायोग कलावंताने ओळखला आणि जपला.

११/ पुढे केस्टर, इलारियो न्यातुगेजा, फिएल दूस सांतूस आणि आदेलिनो माते या चौघांनी ‘जीवनवृक्ष’ उभारला: तीन मीटरहून उंच, सुमारे अर्धा टन वजनाचा. २००५ मध्ये तो लंडनला प्रदर्शित झाला. १९७५ मध्ये जन्मलेले गोंसालो माबुंदा यांनी शस्त्रांपासून घडवलेली सिंहासने आणि मुखवटे २०१५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पोहोचले.

१२/ मात्र ही कथा निखळ सुखान्त नाही. २०१३ मध्ये रेनामो आणि सरकार यांच्यात पुन्हा चकमकी झाल्या. २०१७ पासून उत्तरेकडील काबो देलगादो प्रांत नव्या हिंसाचारात होरपळतो आहे. शिल्पांनी युद्ध थांबत नाही. पण कापून जोडलेली प्रत्येक बंदूक पुन्हा कुणावर रोखली जाणार नाही, एवढे तरी निश्चित.

१३/ मोझांबिकच्या राष्ट्रध्वजावर एके-४७ आणि कुदळ एकमेकींना छेदून उभ्या आहेत. मागे उघडे पुस्तक आहे. १९८३ मध्ये हा ध्वज स्वीकारला गेला तेव्हा बंदूक देशाच्या रक्षणाचे प्रतीक होती. बारा वर्षांनी त्याच देशात माणसे रांगेत उभी राहून बंदूक देत होती आणि कुदळ घेत होती. ध्वजावर दोन्ही आजही आहेत. त्यांतले काय हाती धरायचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो.